नदीकाठचे घर मोकळे ठेवण्याबाबत

मी, आकाराम यशवंत कांबळे, वय चौऱ्याहत्तर, पावसाच्या सरकारी नोंदी ठेवणारा निवृत्त कर्मचारी, राहणार पंचगंगेकाठ, कोल्हापूर, हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात दुसरे माणूसही नाही.

१. माझी वारस एकच, मुलगी संघप्रिया. सहा वर्षे होत आली, ती माझ्याशी बोलत नाही. कारण खरे आहे, म्हणून नोंदवतो. २०१९ च्या ऑगस्टात गल्लीत पाणी शिरले तेव्हा तिची आई यल्लव्वा म्हणाली, "चला की, पोरगी बोलावतीया." मी गगनबावड्याला बत्तीस वर्षे पाऊस मोजलेला. म्हणालो, "आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागलं न्हाय, लागणार न्हाय." दुसऱ्या दुपारी आम्ही छपरावर होतो. बोट आली तोवर यल्लव्वाची दम्याची औषधे वाहून गेली होती. छावणीत तिसऱ्या दिवशी ती गेली. आठवड्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळू लागलाय, हे माझ्याच वहीत होते. मी फक्त वर्षाची बेरीज बघत राहिलो.

२. हे घर पाडावे, जागा मोकळी ठेवावी. शेजारचे विजयसिंह दोनदा येऊन म्हणाले, "जागा मला द्या, भराव टाकून उंच करतो." त्यांना देऊ नये. त्यांच्या भरावाने पाणी पलीकडच्या गल्लीत शिरेल.

३. गडमुडशिंगीचा उंचावरचा प्लॉट संघप्रियाला. पुराच्या धास्तीने मी तिथे पत्र्याची खोली बांधली. गेल्या एप्रिलात तिथे आलेल्या गल्लीतल्या तानाबाई उकाड्याने चक्कर येऊन पडल्या. पत्रा काढून कौले घालावीत, पश्चिमेला झाड लावावे. बोअर मार्चातच आटते. छपराचे पाणी टाकीत घ्यावे.

४. पावसाच्या वह्या गल्लीच्या पूरपथकाच्या वर्षाराणीला. गेल्या जुलैत आकडे बघून मी दारोदार सांगत फिरलो. लोक वेळेत निघाले. तिने विचारले, "आण्णा, तुम्ही?" म्हणालो, "मला न्यायला कोण येणार हाय?" तिने माझी पिशवी उचलली. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

५. माझ्या मरणाचा निरोप संघप्रियाला द्यावा. तिला यावेसे वाटले आणि तेव्हा रस्त्यावर पाणी असले, तर तिला निघू देऊ नये. माझे उरकून घ्यावे.

सही: आ. य. कांबळे
आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार: जोतीराम सुतार (सही), तानाबाई भोसले (डाव्या हाताचा अंगठा)
कोल्हापूर, २० एप्रिल २०२५