दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी

३ मार्च, सोमवार

पुन्हा एक दहाला. सारंगी. सात मिनिटांचा तुकडा, तोही लागोपाठ दोनदा.

मी तेव्हा मेणात दाढ कोरत होते. कवळ्यांच्या लॅबमध्ये हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे, म्हणून सकाळी मी काहीतरी लावते. दीडच्या सुट्टीत फोन पाहिला, तर ‘नुकतंच ऐकलेलं’मध्ये सगळ्यात वर सारंगी. खाली वेळ. मी लावलेली नव्हे. म्हणजे ठकीची.

ठकी — माझी लेक. एकविसावं सरलं. पाच महिने झाले, दुसऱ्या शहरात नोकरीला, आणि माझ्याशी अबोला. गाण्यांचं हे खातं तिनेच काढलं होतं, तिघांत मिळून एक. तिघांच्या फोनवर घालूनही दिलं. ह्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते एकदा तरी उघडलं असेल तर शपथ. तो फोनवर दोनच शब्द बोलतो — ‘हॅलो’ आणि ‘येतो’.

घरी येताना मीही सारंगी ऐकली. रस्ता लांबल्यासारखा वाटला, पाय दुखले नाहीत.

४ मार्च

आज चूक केली. एक वाजून बारा मिनिटांनी सवयीने काहीतरी लावायला गेले, तर फोनवर सूचना आली: खातं दुसऱ्या फोनवर चालू आहे, तिथलं बंद करू का? मी न वाचताच ‘हो’ दाबलं. मग कळलं. तिकडे तिच्या कानात वाजणारं मध्येच तुटलं असणार. माझ्यामुळे. आणखी एकदा.

यापुढे एक ते दोन मी काही लावणार नाही. तो तास तिचा.

७ मार्च, शुक्रवार

आज एक बाई. भाषा कुठली कोण जाणे. म्हातारी असावी; आवाज काठावर झिजलाय, जुन्या भांड्यासारखा. मागे एकच तंतुवाद्य, तेही घाबरत घाबरत. कडव्याच्या शेवटी ती श्वास घेते तो ऐकू येतो, आणि मला वाटतं, आता ती काहीतरी सांगणार. नाही सांगत. पुढचं कडवं.

शेजारच्या टेबलावर पॉलिश करणाऱ्या ताई म्हणाल्या, “काय गं, कवळीकडे बघून हसतेयस?”

एक इअरफोन त्यांच्या कानात घातला. जरा वेळ ऐकून म्हणाल्या, “कळतं काय यातलं?”

“काही नाही. बरं वाटतं.”

“माझ्या सासूबाई बोलतात तेव्हा उलट असतं बघ. सगळं कळतं.”

आधी ठकीच्या खोलीतून नुसता धडधडाट यायचा, भिंतीवरचं घड्याळ हलायचं. आता सारंगी, आता ही म्हातारी. पोर एकटी पडलीय की मोठी झालीय? की दोन्ही एकच?

९ मार्च, रविवार

रविवारी एक दहाला काहीच नसतं. मैत्रिणींबरोबर बाहेर जात असेल.

हा दिवसभर मिक्सर उघडून बसला. “गाणं लावू?” “लाव.” “कुठलं?” “कुठलंही.” तेवीस वर्षं हेच. जेवण काहीही, पडदे कुठलेही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत दिवस काढतो, डबाही तिथेच खातो. बोलायची सवयच मोडली असेल. की मीच विचारायची घाई केली आणि उत्तराला थांबले नाही?

१२ मार्च

आज मुद्दाम केलं. सकाळी दहाला क्लॅरिनेटचा एक तुकडा लावला. उतरत उतरत जाणारा, जिन्यावरून कुणी अनवाणी खाली यावं तसा. दोनदा लावला, म्हणजे यादीत वर राहील.

एक दहाला — तेच क्लॅरिनेट! आणि त्याच्यामागोमाग दुसरं एक, त्याच वाद्याचं, जरा खालच्या सुरातलं. मी कधी न ऐकलेलं. ते माझ्यासाठीच ठेवलेलं असणार.

हातातला समोरचा दात टेबलाखाली गेला. ताईंनी शोधून दिला.

दिवसभर सगळं पाण्याखालून ऐकू येत होतं. प्लास्टरचे साचे ओळीने उघड्या तोंडाचे, जणू तेही गाताहेत.

१४ मार्च

ह्याला ताप. आज घरीच झोपून. मीही रजा काढली.

एक दहा झाले. काही नाही. दोनपर्यंत फोन हातात धरून बसले. शुक्रवार असून नाही! कपाळावरची पट्टी बदलताना म्हटलं, “ठकीला विचार ना, बरी आहे का?”

“सकाळी विचारलं. ठणठणीत आहे.”

बापलेकीचं बोलणं मला पाठ आहे. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘ठेवतो.’ पण मला तेवढंही नाही.

१७ मार्च, सोमवार

ह्याचा ताप उतरला, कामावर गेला. आज सारंगी परत आली. जीव भांड्यात पडला. आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

कधीतरी लिहायला हवं ते लिहून टाकते. मी तिची वही वाचली होती. गादीखाली नव्हती, कुलपात नव्हती, टेबलावर होती. माझ्यावर विश्वास ठेवून टेबलावर होती. चार पानं वाचली. एक ओळ अजून डोळ्यांसमोर आहे: ‘आईला काही सांगायची सोय नाही, ती लगेच दुरुस्त करायला घेते.’ मी ते वाचलं आणि संध्याकाळी खरंच दुरुस्त करायला गेले. तिला कळायचं ते कळलं. आठवड्याने ती गेली.

आणि आता? रोज तिच्या कानांत डोकावते. वहीच वाचतेय मी, दुसरी.

१९ मार्च

तिला लिहिलं. सात वेळा खोडून. ‘तू दुपारी ऐकतेस ती गाणी मला दिसतात. मी रोज बघते. तुला न विचारता बघायला नको होतं. वहीही वाचायला नको होती. नको असेल तर सांग, मी खातं बंद करते.’

२० मार्च

उत्तर आलं. ‘आई, मी ते खातं नोव्हेंबरातच सोडलं. माझं वेगळं आहे. तिथे मी काहीच ऐकत नाही.’

मग दहा मिनिटांनी आणखी एक. ‘पण सांगितलंस ते बरं केलंस.’

पाच महिन्यांत पहिल्यांदा. लॅबच्या बेसिनपाशी नळ सोडून उभी राहिले.

एक दहाला ती म्हातारी गात होती. मग ऐकत कोण होतं?

२३ मार्च, रविवार

हा बाल्कनीत पंख्याची पाती पुसत होता आणि गुणगुणत होता. क्लॅरिनेट. मी बारा तारखेला लावलेलं.

“कुठे ऐकलंस?”

“ठकी लावते सकाळी,” मान वर न करता म्हणाला. “फोनवर दिसतं. मी दुपारी ऐकतो, डबा खाताना. कधी मीपण एखादं ठेवतो तिच्यासाठी.” जरा थांबला. “तिला बोलू नकोस. म्हणेल, बाबा पाळत ठेवतात.”

मग म्हटलं, “ती म्हातारी बाई?”

“ती मी शोधली,” म्हणाला. चक्क लाजला. “फार दिवस लागले.”

सांगायचं आहे त्याला. पण तो बोलत होता, पंख्याचं पातं मांडीवर घेऊन, श्वासाच्या त्या जागेबद्दल. मी काही दुरुस्त केलं नाही. शेजारी बसून ऐकत राहिले.