पान एकशे बारा

२८ तारीख, शुक्रवार
आले एकदाची. कार्यवाहांनी मोठ्या मनाने माझी एक बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवली. आत पुस्तकं आहेत, म्हटलं. वाचनालयात नोकरीला येताना घरून पुस्तकं आणणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली म्हणे. खोली वाचनालयाच्या बरोबर डोक्यावर आहे. लाकडी जिना, एक खिडकी, एक टेबल आणि बसलं की कुरकुरणारी आरामखुर्ची. खाली सात हजार पुस्तकं आणि वर मी, ही मांडणी आपल्याला बेहद्द पसंत आहे.

सातला आईला फोन केला. तिची नजर गेल्यापासून दोन वर्षं हा नेम चुकलेला नाही. ती दादा-वहिनींकडे, मी जिथे असेन तिथे, आणि रोज अर्धा तास वाचन. पान संपलं की मी विचारायचं, पुढे वाचू का? ती म्हणणार, वाच. अर्ध्या तासात पाच-सहाच पानं होतात, कारण मधेमधे ती गोष्टीतल्या माणसांना सल्ले देते.

३१ तारीख, सोमवार
इथली एक पद्धत फार आवडली. काउंटरच्या खणात एक जाड वही असते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ग्रंथपालाने तिच्यात डाव्या पानावर लिहायचं, या महिन्यात काय वाचलं. उजव्या पानावर, पुढच्या महिन्यात काय वाचायचं. पंचवीस वर्षांच्या नोंदी आहेत. मी तर शाळेपासून डायरीच्या मागे हेच करत आलेय. माहेरी आल्यासारखं वाटलं.

माझ्या आधीच्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं. त्यांची आजच्या तारखेची नोंद, जाण्याआधीच लिहून ठेवलेली असणार, अशी: ‘झाली चार. पाचवं, पान ८८पर्यंत.’ उजवं पान कोरं. ते पाचवं पुस्तक कपाटात सापडलं, अठ्ठ्याऐंशीव्या पानात लाल दोरा. एका दीपगृहावर एकट्याने राहिलेल्या माणसाच्या आठवणी. कुणाचं अर्धं राहिलेलं पुस्तक मला बघवत नाही, माझा स्वभावच तसा आहे. बाईंच्या त्या कोऱ्या पानावरच मी माझी यादी लिहून टाकली. दोन छोटी पुस्तकं माझ्यापुरती, आणि तिसरं हे, आईला वाचून दाखवायला, पहिल्या पानापासून.

६ तारीख, रविवार
आईला दीपगृहवाला भलताच आवडलाय. त्याची बायको पहिल्याच प्रकरणात बोटीतून निघून गेली. ती परत येते का, हे आई रोज विचारते. मला काय माहीत? शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांतली मी नव्हे. आईचं म्हणणं, त्याने समुद्राकडे बघत बसण्यापेक्षा एक पत्र टाकावं.

माझं पहिलं छोटं पुस्तक संपलं. खालचे सभासदही गोड आहेत. निवृत्त पोस्टमास्तर रोज तेच वर्तमानपत्र दोनदा वाचतात आणि दुसऱ्या खेपेला जास्त चिडतात.

१२ तारीख, शनिवार
दुसरं छोटंही संपलं. मग दिवसभर चैन नाही. पुस्तक उघडावं, चार ओळी वाचाव्यात, उठावं, खिडकीशी जावं, परत यावं. खुर्ची मी बसलेली नसतानाही कुरकुरते. लाकूड आहे, हवा लागली असेल.

१४ तारीख, सोमवार
आज अठ्ठ्याऐंशीवं पान ओलांडलं. दोरा काढून पुढे ठेवला. आई म्हणाली, तिथे तुझा आवाज एकदम बदलला. मला तर काही कळलं नाही.

१५ तारीख, मंगळवार
वही पुसायला काढली होती, सहज उघडली. डाव्या पानावर नोंद आहे. या महिनाअखेरची तारीख आणि खाली: ‘झाली दोन. तिसरं, पान ११२पर्यंत.’ उजवं पान कोरं.

अक्षर माझं आहे. माझा ‘र’ जरा वाकडा पडतो, तोही तसाच.

कुणीतरी गंमत केली असं धरून मी सफाईच्या मावशींना हसत विचारलं. त्या हसल्या नाहीत. मला वाचता कुठे येतं, म्हणाल्या. आणि खणाची किल्ली आधीच्या बाई गेल्यापासून कार्यवाहांच्या घरी होती, ती तुमच्याच हातात दिली. बाई कुठे गेल्या, मी विचारलं. बदली झाली असणार असंच मी धरून चालले होते. मावशी म्हणाल्या, गेल्या म्हणजे वारल्या. गेल्या महिन्याच्या बारा तारखेला, वरच्या त्या आरामखुर्चीतच. चांगल्या धडधाकट होत्या. मांडीवर पुस्तक उघडंच होतं. पान हरवू नये म्हणून मीच त्यात लाल दोरा घातला.

बारा तारखेला. आणि नोंद एकतीसची.

संध्याकाळी वाचलं. नाही म्हणायला कारण सुचेना. पान ९२ झालं. आणखी वीस.

१६ तारीख, बुधवार
न वाचणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. हात सारखे पुस्तकाकडे जातात. शेवटी ते लोखंडी कपाटात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. आईला दुपारीच फोन करून सांगितलं की घसा बसलाय, चार दिवस वाचन बंद. ती हिरमुसली. सात वाजता खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या सायकली मोजल्या. फोन केला नाही.

१७ तारीख, गुरुवार
सकाळी आईचा फोन. खुशीत होती. म्हणाली, घसा बसलाय म्हणतेस आणि काल वाचलंस किती सुरेख, वादळाचं पान तर मी दोनदा वाचायला लावलं.

मी म्हटलं, मी फोनच केला नाही. ती म्हणाली, मला नजर नाही गं, कान आहेत अजून.

कपाट उघडलं. पुस्तक जागच्या जागी. दोरा पान ९७वर.

१८ तारीख, शुक्रवार
वहीतलं ते पान फाडलं, जाळलं. दुपारी वही उघडली. पान आहे. नोंद आहे.

आईला बजावलं की सातचा फोन घेऊ नकोस. ती म्हणाली, मग तू करू नकोस. तिला खरं सांगून तरी काय सांगू? काल एकशे दोन झालं. आज एकशे सहा. मी दोन्ही दिवस ओठ गच्च मिटून खोलीत बसले होते. सातच्या ठोक्याला खालून, बंद वाचनालयातून, कुणीतरी हळू आवाजात वाचत होतं.

मला भीती वाटते. खरं लिहिलेलं बरं. फार भीती वाटते.

१९ तारीख, शनिवार
सुचलं ते असं. शेवटचं पान वाचायचं, बायको येते की नाही ते आईला सांगून टाकायचं. उत्सुकता संपली की ती ‘वाच’ म्हणणार नाही. जन्मात पहिल्यांदा शेवट आधी वाचायला निघाले.

कुलूप जसंच्या तसं. पुस्तक नाही. दोरा तेवढा खाली पडलेला.

आईला थापच मारली, बायको येते, सुखी होतात. ती म्हणाली, खोटं बोलतेस, तुझा आवाज कळतो मला. आणि तरी सातला —

एकशे दहा.

२० तारीख, रविवार
गाडी उद्या पहाटेची. बॅग भरली. पुस्तकं इथेच राहू देत.

वहिनींना फोन केला. आज सातला आईचा फोन बंद ठेवा, हात जोडते, कारण विचारू नका. बघते, म्हणाल्या.

६.५० — खुर्ची दाराबाहेर नेऊन ठेवली.

७.०२ — आईचा नंबर व्यस्त.

७.०५ — व्यस्त. खाली आवाज सुरू झालाय. माझा आवाज. मधेच आईसाठी थांबतो, मी थांबते तसाच. जिना उतरायला पाय उचलत नाहीत. लिहितेय म्हणून निदान हात —

७.११ — वहिनींच्या मोबाइलवर लागला. आई दुपारभर रडल्या गं, वहिनी म्हणाल्या, म्हणून दिला फोन. आणि तू तर त्यांच्याशीच बोलतेयस ना? मग ही तू कोण? कितवं पान, विचारा म्हटलं. विचारलं.

एकशे बारा. चार ओळी राहिल्यात.

म्हटलं, फोन काढून घ्या. आई सोडत नाही. शेवटी वहिनींनी मला स्पीकरवर टाकलं, आईच्या शेजारी. तिकडचं सगळं ऐकू येतंय. दीपगृहवाला दार उघडतो. बाहेर कुणीतरी उभं आहे.

थांबलं. वाचणं थांबलं. वहिनींच्या फोनमधून आणि खालून, दोन्हीकडून एकदम, माझ्या आवाजात — पुढे वाचू का?

मी ओरडले, आई, नको म्हण.

आई हसली. म्हणाली, आता कुठे रंगात आलंय आणि नको काय? वा —