दोन कड्यांमधला दोरा

टीचर, मला मराठी वाचता यायला लागून आता दोन वर्षं झाली. तुम्ही म्हणाल, ही काय बोलते आहे, हिला तर मी अकराव्या वर्षीच शिकवलं. शिकवलंत खरं, शिकले नाही मी. घरात आपण सगळे मराठीच बोलायचो, पण तमिळ बोलणाऱ्या गावात, राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत ती अक्षरं वाचणारे तुम्ही आणि दोन म्हातारे एवढेच उरले होते. त्या मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही आम्हा चार मुलींना तुमच्या घरापुढच्या ओट्यावर, तिण्णईवर बसवून धडे वाचून घ्यायचात. बाकीच्या तिघी अडखळत वाचायच्या, मी ऐकून पाठ करायचे. कान तेज होता माझा आणि आळस त्याहून मोठा. नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या गोलूपुढे तुम्ही मला उभी केलीत, हातात पुस्तक दिलंत, आणि मी आख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला, चित्र बघून नेमक्या जागी पानही उलटलं. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. "बेस वाचलीस गं. आता कुठंही जा, मी तुला मराठीतच पत्र लिहीन." आणि आपलं पितळी कर्कटक मला देऊन टाकलंत. बक्षीस घेताना माझे कान तापले होते, पण घेतलं.

शाळेत तुम्ही गणित शिकवायचात, ते सगळ्यांना माहीत होतं. घरी काय करायचात ते फक्त मला. तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. भरतकामाची एक लाकडी कडी रगड्याला बांधलेली, दुसरी वर आढ्याच्या हुकाला टांगलेली, आणि दोन्हींमध्ये अठ्ठेचाळीस दोरे, उभे, ताठ, पावसाच्या सरींसारखे. एका बाजूला रसम उकळतं आहे. तुम्ही हात पदराला पुसता आणि मला जवळ बोलावता.

"अस्के दोरे, सगळेच्या सगळे, सरळ आहेत की नाही? नीट बघ."

"होव टीचर."

मग तुम्ही वरची कडी हळूच फिरवता. दोरे तिरपे होतात, मधोमध जवळ येतात, आणि नुसत्या सरळ रेघांमधून एक गोल, बारीक कंबर उभी राहते. "एकही दोरा वाकला नाही. मग हा बाक आला कुठनं?" मी म्हटलं, जादू. तुम्ही एकदम कडाडलात. "जादू म्हणू नकोस! कळलं नाही तर कळलं नाही म्हणून सांग. त्यात काय लाज?" रसम उतू गेलं आणि मी सुटले.

पुढे मी चेन्नईला गेले, इंजिनिअर झाले, मोटारींच्या दारांचे नि बॉनेटचे बाक कॉम्प्युटरवर काढायच्या नोकरीला लागले. तुमची चार पत्रं आली. निळी अंतर्देशीय पत्रं, कडेपर्यंत भरलेली, मधे मधे आकृत्या. आकृत्या मला कळायच्या. अक्षरांकडे मी नुसती बघत बसायचे. चेन्नईत कोणाला दाखवणार? गल्लीतल्या त्या दोन म्हाताऱ्यांकडे नेलं असतं तर संध्याकाळपर्यंत तुमच्या कानावर गेलं असतं. मग मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. पत्र पोचलं, आकृती सुंदर आहे, तुम्ही सांगता तसं नक्की करीन. दर वेळी हेच तीन वाक्यांचं पत्र. तुम्हाला ते थंड वाटलं असेल, पण संशय आला नाही. ज्या मुलीनं गोलूपुढे धडा वाचला तिला पत्र वाचता येत नाही, असं कोणाच्या मनात येईल?

तुम्ही गेल्याचं घरून फोनवर कळलं. तुमच्या घरातलं सामान कोणी कुठे नेलं ते मी विचारलंही नाही. पत्रं माझ्या नोकरीच्या कागदांच्या फायलीत राहिली.

नोकरी सोडून मी इथं परत आले ती एकटीच. आता गल्लीत मराठी बोलायला शेजारचं एक घर आहे. तिथल्या मुलांना मी बोललेलं कळतं, उत्तर तमिळमध्ये येतं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की चार दिवसांत मी मराठीत एक वाक्यही बोललेली नाही. घाबरले मी. पुण्याहून लहान मुलांची अंकलिपी मागवली आणि पन्नाशीत क, ख गिरवायला बसले. सहा महिन्यांनी फाईल काढली. हे मी लिहिते आहे ते मराठी पुस्तकातनं आलेलं आहे, तुमच्यामाझ्या तोंडचं नाही. तुम्ही हसला असतात.

पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की वरची कडी आता गोल ठेवायची नाही, तारेची करून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळवायची. दुसऱ्यात, पीळ जास्त झाला की दोरे मधे एकमेकांवर बसतात, थोडं आधीच थांबावं. तिसऱ्यात, डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं आहे. आणि चौथं मी तुमच्याच शब्दांत लिहिते, कारण ते आता मला पाठ आहे, या वेळी वाचून पाठ झालेलं: "दसऱ्याला आठ दिवस ये. मला दोरा दिसत नाही. तू ओव, मी सांगेन. अर्धे झालेत. तू येईपर्यंत मी काही उतरवत नाही." या पत्राला मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगता तसं नक्की करीन. शेजारच्या म्हाताऱ्या काकींना परवा विचारलं, तर म्हणाल्या, टीचरच्या स्वयंपाकघरात शेवटपर्यंत काहीतरी दोरे लोंबत होते, बिचाऱ्या वाकून चुलीपाशी जायच्या, पण कोणाला हात लावू देत नव्हत्या.

मग मी ते करायला घेतलं. कॉम्प्युटरवर खाली वर्तुळ, वर आठाचा वक्र, दोन्हींवर अठ्ठेचाळीस बिंदू, आणि समोरासमोरचे जोडत जायचे. तुम्हाला महिने लागले असते, मला दहा मिनिटं लागली. ती आकृती पडद्यावर बोटानं फिरवता येते, खालून बघता येते, आत शिरता येतं. मी ती फिरवत बसले आणि मला फार वाईट वाटलं, कारण दाखवायला कोणी नव्हतं. वरचा वक्र एकेक अंशानं पिळत गेले, दोरे एकमेकांना टेकायच्या जरा आधी थांबले. दोरे पेन्सिलीएवढे जाड केले, नाहीतर धातू आत जाणार नाही. त्या आकृतीवरून थ्री-डी प्रिंटरवर मेणाचा नमुना छापून घेतला आणि कुंभकोणमच्या पलीकडे देवांच्या मूर्ती ओतणाऱ्या एका स्थपतीकडे नेला.

त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. नारळाच्या पातीची पट्टी काढली, मूर्तीच्या चेहऱ्याचं माप घेतात तशी दुमडून लावून पाहिली आणि बाजूला ठेवली. तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, ह्याला तोंड नाही, पुढनं-मागनं सारखंच. ते हसले. "धातू ओतायची नळी मी नेहमी पाठीला जोडतो. तोंड नाही तर पाठ कुठली?" मी तासभर तो नमुना फिरवत बसले आणि शेवटी एक बाजू पाठ ठरवून दिली. कावेरीच्या गाळाचे थर त्यांनी हातानं दिले, सावलीत वाळवले, मेण वितळवून काढलं, कांसं ओतलं. साचा फोडला तेव्हा मी तिथंच होते. एकही दोरा तुटला नव्हता.

गेल्या आठवड्यात मी ते घरी आणलं. शेजारच्या मुलीनं विचारलं, हा दिवा आहे का. तिची आई म्हणाली, छान आहे, ह्यात फुलं ठेवायची का. मी हो म्हटलं. बाक कुठनं आला, हे विचारणारं कोणी नाही. म्हणून हे पत्र, जे मी कुठल्याच पेटीत टाकणार नाही.

दोन वर्षं मी स्वतःची समजूत घालते आहे की अक्षर येत असतं तर मी आले असते. सगळा दोष त्या न शिकलेल्या अंकलिपीचा. पण काल जुने फोटो चाळताना त्या वर्षीचा दसरा सापडला. मला आठ दिवसांची सुट्टी होती, टीचर. मी मैत्रिणींबरोबर उटीला गेले होते. फोटोत मी खूप हसते आहे. तुमचं पत्र तेव्हा माझ्या बॅगेत होतं, आणि मला ते वाचता आलं असतं, तरी मी उटीलाच गेले असते.