दोन पाकळ्या लसूण

आई,

माझे दोन्ही डोळे काळेनिळे झाले ते तुझ्यामुळे, आणि हे तुला नीट सांगायचं तर आधीचं बरंच सांगावं लागेल. तुला जाऊन तेवीस वर्षं झाली. तेव्हा असलं काही उज्जैनमध्ये कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. आता टावर चौकातून थोडं आत गेलं की एका कचोरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, चेहऱ्याचा दवाखाना आहे. कुणाच्या डोळ्यांखाली खड्डे असतील तर तिथे सुईने जेलसारखं औषध भरून देतात. फिलर म्हणतात त्याला. खड्डा भरतो, सावली जाते, माणूस पोटभर झोप झाल्यासारखा दिसतो. मी ते भरून घेतलं. चोपन्नाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, घरात कुणाला न विचारता. तू कपाळाला हात लावशील हे धरूनच मी लिहायला बसले आहे.

ते खड्डे तुझेच. तुझ्या डोळ्यांखाली कायम दोन सावल्या असायच्या, आणि माधव नगरच्या तुझ्या शाळेत नवीन बाई आल्या की पहिल्या आठवड्यात हमखास विचारायच्या, "आपकी तबीयत ठीक नहीं है क्या?" तू गणिताच्या वह्या तपासत असायचीस. मान वर न करता म्हणायचीस, "तबीयत ठीक है. बनावट ऐसी है." घडणच अशी आहे, एवढंच. त्यात राग नसायचा, लाजही नसायची. मला ते उत्तर कधी जमलं नाही. सोळाव्या वर्षी, शाळेच्या गॅदरिंगच्या दिवशी, मी तुझी पावडर बेसनात कालवून डोळ्यांखाली थापली होती. तू स्वयंपाकघरात पोहे परतते आहेस, मी दारात उभी आहे, आणि तू हातातलं उलथनं तसंच धरून माझ्याकडे बघतेस. "हे काय पोतेरं केलंस तोंडाचं?" मी रडकुंडीला येऊन म्हटलं, सगळ्या विचारतात, आजारी आहेस का. तू मला मोरीपाशी नेलंस, पदराचं टोक ओलं करून माझं तोंड खसाखसा पुसलंस, आणि म्हणालीस, "विचारलं तर खरं सांगायचं. सांगायचं नसेल तर गप्प बसायचं. बीचमधलं काही करायचं नाही." गाल दिवसभर चुरचुरत होते. स्टेजवर मी तशीच गेले आणि तुझ्यावर भयंकर चिडलेली होते.

त्याच स्वयंपाकघरात तुझा छोटा लोखंडी खलबत्ता होता. ब्लडप्रेशर निघालं तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, तू एक पाकळी कच्चा लसूण ठेचून गुळाच्या खड्याबरोबर गिळायचीस. थंडीत आम्हालाही. आणि ज्या दिवशी काही महत्त्वाचं असेल, बोर्डाचा पेपर, मुलाखत, प्रवास, त्या दिवशी दोन पाकळ्या. "लसणाने रक्त खेळतं राहतं," म्हणायचीस. पेपरच्या वेळी माझ्या तोंडाला येणाऱ्या वासाने पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून बघायची. तू गेल्यावर खलबत्ता मी माझ्याकडे आणला आणि ती पाकळी चालू केली. बाकी तुझं काही एक मी ऐकलं नाही, हे मात्र एकही दिवस चुकवलं नाही.

आता मूळ भानगड. मी फ्रीगंजातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवते, त्यातली शेवटची काही उपमुख्याध्यापिका म्हणून. तीन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकेची जागा निघाली. माझी मुलाखत चांगली झाली आणि जागा बाहेरून आलेल्या एका बाईंना मिळाली. ऑफिसमधले जुने बाबू मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुरा मत मानना मैडम, सेक्रेटरी साहब बोले कि काम तो बढ़िया करती हैं, पर थकी-थकी लगती हैं." आई, मी थकलेली नव्हते. ती जागा माझी होती, मला ती हवी होती, अजूनही हवी आहे, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. या वर्षी त्या बाई सोडून गेल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा मुलाखती होणार असं ठरलं. मी हिशोब केला, सुट्टी लागताच इंजेक्शन घ्यायचं, सूज-बिज काय येईल ती सुट्टीत उतरेल, आणि शाळा उघडेल तेव्हा कुणाला कळणारही नाही. बीचमधलंच काहीतरी करायला निघाले होते म्हण.

डॉक्टरीण निघाली माझीच विद्यार्थिनी. दहावीत तिसऱ्या बाकावर बसायची, उत्तरं बरोबर पण अक्षर कोंबडीचे पाय. मला पाहून आधी उभी राहिली, मग तिला आठवलं की दवाखाना तिचा आहे. तिने कागद पुढे ठेवला आणि स्वतः वाचून विचारलं, "मॅम, खून पतला करने वाली कोई दवाई? एस्पिरिन? दर्द की गोली? मछली का तेल? कोई देसी चीज?" मी ठामपणे नाही म्हटलं. माशाचं तेल आणि आपल्या घरात. तिने सुईचा दिवस चार दिवसांनंतरचा दिला. त्या दिवशी सकाळी मी उठले, अंघोळ केली, आणि दिवस महत्त्वाचा म्हणून दोन पाकळ्या ठेचल्या.

सुई टोचताना फारसं दुखलं नाही. पण डाव्या डोळ्याखाली तिने सुई बाहेर काढली आणि तिथे जांभळा ठिपका उमटला, बघता बघता बोराएवढा झाला. ती बोटाने दाबून धरून उभी राहिली. उजवीकडेही तेच. बर्फ लावला. दहा मिनिटांनी तिने हळूच विचारलं, "मॅम, सच में कुछ नहीं लेतीं आप?" मी म्हटलं काही नाही, सकाळी लसूण खाते फक्त. तिने हातातला बर्फ खाली ठेवला. "कच्चा? रोज? मॅम, वही तो पूछा था मैंने. देसी चीज." तिने पुढे समजावलं की इथली कातडी फार पातळ असते, बारीक रक्तवाहिनीला सुई लागली की कुणालाही रक्त साकळतं, सगळा दोष लसणाचा म्हणता येणार नाही, पण त्याने वाढलं असणार. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना सांगत आले, प्रश्न नीट वाचा, शेवटपर्यंत वाचा. आणि लसूण मला औषध वाटलाच नाही, देसीही नाही. तो मला तू वाटतेस, तर तो त्या कागदावर कुठे लिहू?

घरी आले तेव्हा दोन्ही डोळ्यांखाली वांग्याच्या सालीचा रंग होता. डॉक्टरीण म्हणाली होती की पंधरा दिवसांत जाईल, नजर धूसर झाली किंवा फार दुखलं तर लगेच फोन करा, आणि मी निर्धास्त होते. तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला. निवड समितीचे अध्यक्ष मुलाकडे परदेशी निघाले आहेत, म्हणून मुलाखती परवाच. मी आरशापुढे उभी राहिले. वरचा निळा रंग आता खाली गालावर उतरला होता, कडेने हिरवट होत होता. पुण्याहून मुलीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि ती म्हणाली, "आई, जाड थर देऊन मेकअप कर, मी सांगते कसा." माझे यजमान म्हणाले, "बाथरूममध्ये घसरलीस म्हणून सांग. नाहीतर तारीख पुढे मागून घे." ते बिचारे स्वतः दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते. पहिल्या दिवशी भाजीवालीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि मेथीची जुडी त्यांच्या पिशवीत अशी काही आपटली की तेव्हापासून दूधही मीच आणत होते. इतका गरीब माणूस, साधा डास मारताना दोनदा विचार करतो.

तारीख पुढे मागितली असती तर मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी पुन्हा तेच झालं असतं, मैडम बीमार हैं. घसरले म्हटलं असतं तर अजून वाईट, म्हातारी झाली, तोल जातो. मुलीने सांगितलेला थर मी देऊन पाहिला. तास गेला त्यात. आरशात पाहिलं तर बेसन थापलेली सोळा वर्षांची मी. मग मी रुमालाचं टोक ओलं केलं आणि तोंड खसाखसा पुसलं, डोळ्यांखालचं तेवढं जपून. त्या क्षणी माझं ठरलं. काळ्या काचांचा चष्माही घेतला नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी लसूण खाल्ला नाही, हे सांगून ठेवते.

टेबलापलीकडे पाच जण होते. कुणी माझ्या कपाळाकडे बघत होतं, कुणी फाइलकडे. सेक्रेटरी साहेबांनी शेवटी घसा खाकरला. "मैडम, ये चोट कैसे लग गई? घर में सब ठीक?" मी म्हटलं, "चोट नहीं है सर. आँखों के नीचे गड्ढे थे, इंजेक्शन से भरवाए. उसी का नील है, दस दिन में चला जाएगा." समितीत एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी विचारलं, "पर क्यों, बेटा?" त्या मला बेटा म्हणाल्या म्हणून मी त्यांच्याकडेच बघून बोलले. "पिछली बार यहाँ कहा गया था कि मैं थकी हुई लगती हूँ. मैं थकी नहीं थी. बनावट ऐसी है. मुझे लगा, इस बार वो बात बीच में न आए, तो ये दूसरी आ गई. अब आप काम का पूछिए." सेक्रेटरी साहेब फाइलमध्ये बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मग त्यांनी कामाचं विचारलं. दहावीच्या निकालाचं, बसच्या फेऱ्यांचं, तीन शिक्षिका एकदम रजेवर गेल्या तर काय कराल याचं. पाऊण तास मी बोलत होते, आणि मधेच कधीतरी ते पाचही जण माझ्या डोळ्यांकडे सरळ बघून ऐकायला लागले होते. बाहेर आले. पायरीवर बसून पाणी प्यायले.

आठवड्याने पत्र आलं. जागा मला मिळाली. आज मी मुख्याध्यापिकेच्या खोलीत बसते. डोळ्यांखालचं सगळं पिवळं होऊन निघून गेलं आहे. भाजीवालीला मी खरं काय ते सांगून टाकलं. तिचा विश्वास बसलेला नाही, पण यजमान पुन्हा दूध आणायला जातात.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण तू सांगितलेलं एक राहून जातं. समितीला, यजमानांना, मुलीला, सगळ्यांना मी एकच कारण सांगितलं, ही जागा. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. आणखी दोन वर्षांनी मी तू गेलीस त्या वयाची होईन. गेल्या वर्षापासून सकाळी बेसिनवरच्या आरशात तू दिसायला लागलीस. वहीवर वाकलेली तू नव्हे, त्या शेवटच्या महिन्यात दवाखान्यात होतीस ती. त्या महिन्यात तू एकदाच आरसा मागितलास. बराच वेळ बघत राहिलीस आणि मला विचारलंस, "फार खराब दिसते का गं?" आयुष्यात पहिल्यांदा तू असं काही विचारत होतीस. मी म्हटलं, "छान दिसतेस." तू आरसा पालथा ठेवलास आणि भिंतीकडे कूस वळवलीस. खरं सांगायचं नाहीतर गप्प बसायचं, दोन्ही मला जमलं नाही. रोज सकाळी तो चेहरा माझ्याकडे बघायचा, तेच विचारायचा, आणि मला ते सहन होईना. मी खड्डे भरायला गेले नव्हते, आई. मी तुला पुसायला गेले होते.

आणि तू तर जाताना अशी काही उमटलीस की पंधरा दिवस सगळ्या उज्जैनने पाहिलं.

आता तू दिसत नाहीस. चेहरा छान भरला आहे, लोक म्हणतात मैडम सुट्टीत मस्त आराम करून आल्या. डॉक्टरीण म्हणते वर्ष-दीड वर्षात हे विरत जातं, पुढची वेळ आत्ताच लिहून ठेवू का. मी तिला म्हटलं, थांब जरा. तिला वाटलं मी सुईला घाबरले. हे पत्र मुख्याध्यापिकेच्या टेबलाच्या खणात ठेवून देईन, दुसरीकडे ते जाणार तरी कुठे. लसूण पुन्हा चालू केला आहे, एकच पाकळी. आणि काल सकाळी, घरात कुणी उठलं नव्हतं तेव्हा, मी बेसिनवरचा दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात आरशात पाहिलं. डोळ्यांखाली सावली पडते का ते बघत होते. बराच वेळ उभी होते.