खेळलेले तांदूळ

आई, काल मी तांदूळ रंगवले. तू असतीस तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास, आणि ताप नाही म्हटल्यावर तोच हात पाठीत बसला असता. चांगले खायचे तांदूळ, परात भरून. थोडे हळदीत, थोडे बिटाच्या पाण्यात, थोडे बाल्कनीतल्या गोकर्णीच्या निळ्या पाण्यात. आणि थोडे लाल. हळदीत चिमूटभर खायचा सोडा घातला की ती लाल होते, हे मला मोबाईलमधल्या एका बाईने आनंदाने किंचाळत शिकवलं. तू हळदीला चुना लावून कुंकवाचा रंग काढायचीस, पण तुला किंचाळायला वेळ नसायचा. तांदूळ पंख्याखाली वाळत घातले ते वर्तमानपत्रावर, आणि त्या पानावर नेमकं माझंच विनोदी सदर. बिटाचा डाग बरोबर शेवटच्या कोटीवर पडला. इतकी वर्षं लिहितेय, पण माझ्या लिखाणात काही मुरलं असं काल पहिल्यांदाच झालं.

हा सगळा खटाटोप तुझ्या पणतीसाठी. दादाची मुलगी तुला आठवते ना, तुझ्या मांडीवर पेज खायची ती? तिची मुलगी आता तीन वर्षांची आहे. गोड आहे, हट्टी आहे, पण बोलत नाही. ऐकू येतं, समजतं सगळं, फक्त तोंड उघडत नाही. आपल्या घराण्यात असं मूल जन्माला आलं याचंच डॉक्टरणीला नवल वाटायला हवं होतं. ती म्हणाली, हाताला खेळू द्या, पीठ, धान्य, पाणी, रंग. हात मोकळे झाले की जीभही होईल. मग भाचीचा फोन आला.

"आत्या, सोमवारपासून माझी ड्युटी पुन्हा सुरू. एक दिवस तुझ्याकडे ठेवून बघू का? रमली तर रोज आणीन. नाहीतर गोदामाजवळ पाळणाघर आहे."

"ठेव की. मी कुठे देशाचा कारभार बघतेय?"

"हे बघ, हे असलं तिच्याशी बोलू नकोस हां. तिला टोमणे कळत नाहीत."

"तुझ्या बापालाही कळत नाहीत. पन्नास वर्षं बोलतेय त्याच्याशी."

ती हसली, पण काळजीने हसली. आणि मी फोन ठेवून लगेच बीट आणायला खाली उतरले, यावरून काय ते समज. तू गेल्यावर अंजूरची जमीन विकली, दादा शेलारला राहायला गेला, आणि मी इथे भिवंडीत या फ्लॅटमध्ये. मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. आता निम्मे लूम बंद पडलेत आणि दुपारी घर इतकं गप्प होतं की फ्रिज सुरू झाला तरी कोणी आल्यासारखं वाटतं. मला ती मुलगी रोज हवी होती. तिच्यासाठी म्हणून नाही, माझ्यासाठी.

भाची कुठे कामाला आहे ते सांगते, बस खाली. आपल्या शेतात. म्हणजे आपल्या शेतावर जे गोदाम उभं आहे त्यात, कॉम्प्युटरसमोर. तू गुडघाभर चिखलात वाकून भाताची आवणी करायचीस, ती तिथेच एसीत स्वेटर घालून बसते. आणि त्या गोदामात काय येतं ठाऊक आहे? रंगवलेले तांदूळ. प्लास्टिकच्या डब्यात बंद, वर हसऱ्या मुलाचं चित्र, मुलांनी हात घालून खेळायला. जिथे तांदूळ पिकायचा तिथे आता तांदूळ ट्रकने येतो, खायचा नसलेला. यावर मी सदर लिहायला घेतलं होतं, पण सगळा विनोद वस्तुस्थितीनेच करून ठेवला होता, मला काही शिल्लक नव्हतं.

तांदळाला हात लावताना भीती मात्र तुझीच वाटत होती. "अन्न हाय ते बाय, खेलनं न्हाय." पण खरं बघायला गेलं तर खेळायला शिकवलंस तूच. तू चुलीपुढे बसलेली आहेस, परातीत भाकरीच्या पिठाची उकड मळते आहेस, वाफेने तुझ्या बांगड्यांवर थेंब जमलेत, आणि मी रडू नये म्हणून तू एक गरम गोळा माझ्या हातावर टाकतेस. बाकीच्या मुली चिमण्या करायच्या. मी मोठ्या काकूचं डोकं केलं, नाकासकट. तुला हसू आलं, तू ते पदरात दाबलंस, मग काकूला उचलून तव्यावर भाजलंस आणि माझ्यापुढे ठेवलंस. "खेललीस, आता खा." तुझा कायदाच होता तो. खेळा, पण खेळलेलं पोटात गेलं पाहिजे. माझं पहिलं व्यंगचित्र असं मी स्वतःच खाल्लं, नाकापासून सुरुवात करून. मोबाईलमधली बाई सांगते की कणकेत भरपूर मीठ घाला, म्हणजे मूल तोंडात घालणार नाही. तांदळाला व्हिनेगर लावा, म्हणजे टिकतील. मी मीठही घातलं नाही, व्हिनेगरही नाही. पिवळ्या आणि बिटाच्या तांदळांना तेवढं लिंबू पिळलं, बाकीच्यांचा रंग त्याने पालटला असता.

आणि अक्षता. लाल तांदूळ वाळत घातले तेव्हा मला आठवलं की आपल्या घरात तांदळाला रंग एकाच कामासाठी लागायचा. नवा तांदूळ आला की तू सुपात निवडायला बसायचीस आणि न तुटलेले, टोकं शाबूत असलेले दाणे वेगळे काढून पितळी डब्यात ठेवायचीस, माझ्या लग्नासाठी. ते एक पाहुणे आले होते, मुलाच्या मामाने विचारलं, स्वयंपाक येतो का, आणि मी म्हटलं, खाणाऱ्याच्या लायकीप्रमाणे येतो. ते गेल्यावर तू ओरडली नाहीस. सूप मांडीवर घेऊन बसलीस आणि दाण्यांकडे बघत म्हणालीस, "येवरी जीभ चालवलीस त डोक्यावर अक्षता कोन टाकंल तुज्या?" मी म्हटलं, "मीच टाकीन, तांदूळ घरचेच आहेत." तू हसशील असं वाटलं होतं. नाही हसलीस. वर्ष उलटलं की तू डब्यातले जुने दाणे भाताच्या टोपात ओतायचीस आणि डबा नव्या तांदळाने भरायचीस. दरवर्षी माझं लग्न आपण सगळे वरणासोबत जेवलो.

असो. आज पोरगी आली. दारात आईच्या ओढणीला धरून उभी राहिली, आई गेल्यावर थोडी रडली, मग परात दिसली. मी चार रंगांचे चार भाग केले होते, इतके नीट की फोटो काढावा. तिने दोन्ही हात घातले आणि एका मिनिटात सगळं एक केलं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ते गिळलं. मग ती वाटीतून वाटीत ओतत बसली, ताटावर दाणे पडल्याचा आवाज ऐकत, पुन्हा पुन्हा. मी शेजारी जमिनीवर. जेवणापुरतं उठलो तेवढंच. दुपारभर एक टोमणा नाही, आई. तोंडाला गंज चढतो की काय असं वाटायला लागलं.

मागच्या महिन्यात दादाच्या धाकट्याचं लग्न झालं, तिथे हिला कोणीतरी कडेवर घेऊन अक्षता टाकायला लावल्या होत्या. ते तिच्या डोक्यात राहिलं असावं. ती पाटावर चढली, मूठ भरली, माझ्या डोक्यावर सोडली आणि म्हणाली, "सावदान."

स्पष्ट. मी वर बघितलं तर दुसरी मूठ तयार. "सावदान." मग मी मान खाली घातली. कशी घालतात ते ठाऊक होतं, आयुष्यभर बघितलंय. परात अर्धी होईपर्यंत ती टाकत होती आणि मी बसून होते.

संध्याकाळी भाची आली तेव्हा पोरगी चटईवर झोपली होती, मूठ अजून मिटलेली.

"आत्या, केसांत काय गं तुझ्या?"

"वय."

"लाल, निळं?"

"तुमच्या गोदामातून मागवलं."

ती हसली, मग हळूच विचारलं, "काही बोलली का ही?"

नाही म्हणावंसं वाटलं मला. का, ते माहीत नाही, पण वाटलं. मग सांगितलं, सावधान म्हणाली. भाची चटईवर तिच्याशेजारी बसली. डोळे पुसले, मुलीच्या मुठीवरून बोट फिरवलं. आणि म्हणाली, "मग तर हिला पाळणाघरातच घालायला हवं गं आत्या. चार पोरांत राहील तर अजून बोलेल." बरोबर आहे तिचं. माझ्याकडे उत्तरं होती, पण सगळी हुशारीची. "रविवारी आणीन हां." म्हटलं, "आण. रविवारी देशाचा कारभार बंदच असतो."

हे पत्र मी कुठे धाडणार नाहीये. तुझा पत्ता म्हणजे अंजूरचं शेत, तिथे टाकलं तर सही करून घ्यायला तुझी नातच बसलेली असायची. तिने फोडून वाचलं तर उगाच मन बदलेल, आणि ते पोरीच्या जिभेसाठी चांगलं नाही. सावधान कशावरून म्हणाली, तेही मी तिला सांगितलं नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे.

परातीतले आणि फरशीवरचे तांदूळ गोळा करून धुतले, चार पाण्यांनी. आता शिजतायत. रंग धड कुठलाच उरला नाही, वास मात्र लिंबाचा येतोय. खेळले, आता खाते. डोक्यातले तेवढे काढले नाहीत.