कोटातला वस्तरा

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. तुरुंगात पत्र आधी साहेब वाचतात, आणि हे वाचलं तर तुझ्या शेजारच्या कोठडीत मलाही आणून बसवतील.

चोरीला निघताना गारठा होता, म्हणून तू खुंटीवरचा माझा कोट चढवलास. वस्तरा सलूनमध्ये ठेवायचा नाही, रोज सोबत घरी आणायचा, ही बाबांची शिस्त. तो आतल्या खिशात होता आणि तुला पत्ताही नव्हता. घरमालक अवचित परतला, तू सापडलास, झडतीत वस्तरा निघाला. सरकारी वकील म्हणाले, ही साधी चोरी नाही, इजा करायच्या तयारीने केलेली आहे. दोन-तीन वर्षांत सुटला असतास, ती सात झाली.

न्यायाधीशांनी विचारलं, "वस्तरा कोणाचा?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. तू म्हणालास, "माझाच."

कोट माझा म्हटलं असतं, तर घर रिकामं असल्याचं तुला कोणी सांगितलं, तेही निघालं असतं. गालाला साबण लागला की गिऱ्हाईक सगळं बोलतं, दादा.

तो घरमालक अजून माझ्याकडेच दाढीला येतो. काल मान मागे टाकून म्हणाला, "नशीब, गळा वाचला माझा." मी "हो साहेब" म्हणालो आणि हात चालू ठेवला.

आई रोज विचारते, बाबांचा वस्तरा कुठे दिसत नाही. धार लावायला दिलाय, म्हणतो.

तुझा धाकटा