गगनकेसरीचे सात डबे

८ जानेवारी १९७२, शनिवार
नऊ वर्षांनी गोरखचं पत्र. माझा धाकटा भाऊ गोरक्षनाथ. बाबांच्या आजारपणात न सांगता मुंबईला गेला, तो गेलाच. लिहितो की 'गगनकेसरी' नावाच्या हिंदी सिनेमांत उड्या मारतो. नायक तोंडावर बुरखा बांधून आभाळातून उडतो आणि गरिबांना सोडवतो म्हणे. बोलणारा नायक वेगळा, उडणारा हा. चौथ्या भागात आगगाडीच्या टपावरून पुलावर उडी आहे, ती जरूर बघा म्हणतो.
आईला वाचून दाखवलं. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच तिसगावात असते. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. नगरचे डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिसलं तर दिसलं. आई म्हणाली, "छबे, त्याला लिव्ह. म्हनावं, डोळं हायेत तवर एकदा तोंड दाव."
लिहिणार. पण घाईने नाही. मी एकावन्न सालची मॅट्रिक आहे, मजकूर विचार करून लिहीन.

१२ जानेवारी, बुधवार
आईच्या डोळ्यांचं औषध आणायला नगरला. तिथे नूरमहंमदभाईंचं दुकान सापडलं. पूर्वी गावोगाव तंबूत सिनेमा दाखवायचे, आता घरी बघायच्या लहान रिळी विकतात. मुक्या असतात, पाच-सात मिनिटांच्या, पुठ्ठ्याच्या डब्यात. गगनकेसरीचे सात भाग निघालेत. दुकानात नेमका चौथाच होता. ईश्वरी संकेत.
नूरमहंमदभाई म्हणाले, "बाई, हाताने फिरवायची मशीन पण घेऊन जा. आजच दाखवून टाका अम्माला."
मी म्हटलं, भाईसाहेब, आमच्यात पोथी चौथ्या अध्यायापासून वाचत नाहीत. सात होऊ देत. मग एका बैठकीत पारायण.
मी सिनेमाच्या नादाची बाई नव्हे, हे इथे लिहून ठेवते.

१५ जानेवारी, शनिवार
डबा देवघरात ठेवला. केसरी म्हणजे मारुतीरायाचे वडील. नावातच सगळं आलं. म्हणून शनिवारचं तेल-शेंदूर डब्यालाही. आतल्या गुंडाळीलाही थेंबभर सोडलं, कोरडी पडायला नको.
पत्राला इनलँड आणून ठेवलं.

२० फेब्रुवारी, रविवार
पहिला आणि दुसरा भाग मिळाला. दुसऱ्याच्या डब्यावर गगनकेसरीचा शेला निळा, बाकीच्यांवर तांबडा. देवघरात विसंगत दिसतं. नूरमहंमदभाईंकडे तांबड्या शेल्याचा दुसरा भाग आहे, तोही सांगून ठेवला. हे दोनदा घेणं नव्हे, बदलून घेणं आहे. निळा राहू देईन, इतकंच.
खर्च 'देवधर्म' खाली टाकला. ह्यांनी वही पाहिली. म्हणाले, "उद्यापनाला किती पानं? मी रजा टाकतो."
दुर्लक्ष केलं.

११ मार्च, शनिवार
तिसरा भाग आणि तांबड्या शेल्याचा दुसरा. तेल.
आईने विचारलं, "लिवलंस का गोरखला?" म्हटलं, मजकूर चालू आहे. खरंच चालू आहे. 'चि. गोरक्षनाथ यास अनेक आशीर्वाद' इथवर मनात पक्कं झालं.

१४ मे, रविवार
कुरडया-पापड्यांबरोबर रिळींनाही ऊन दाखवलं. सगळ्या उलगडून खाटेवर पसरल्या, दुपारभर. शेजारच्या मालनबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अगं बया, छबूबाई, ह्या कसल्या शेवया? काळ्या!" समजावून सांगितलं. म्हणाल्या, "आन् तळायच्या कशात?"
खेड्यात राहून संग्रह करणं किती अवघड आहे.
संध्याकाळी गुंडाळताना कडा कुरकुरीत लागल्या. म्हणजे दमटपणा गेला. वर्षभर बघायला नको.

२३ जून, शुक्रवार
गोरखचं दुसरं पत्र. 'ताई, उत्तर नाही. बाबांच्या वेळी चुकलो, ते मला समजतं. आईने ये म्हटलं तर लगेच निघेन. नाही म्हटलं तर तोंड दाखवणार नाही. कंपनीने गगनकेसरी बंद केला, नवा भाग नाही. मद्रासकडे काम आहे. दसऱ्याला ही खोली सोडतोय, त्याआधी दोन ओळी टाक.'
म्हणजे भाग सातच. मोठी काळजी मिटली. आठवा निघाला असता तर पारायण कुठे संपवायचं?
आता राहिले पाच, सहा, सात. संच पूर्ण झाला की पत्रात तसं लिहिता येईल. अर्धवट काय लिहायचं? दसरा लांब आहे.

९ ऑगस्ट, बुधवार
पाच आणि सात एकदम मिळाले. सहावा नाही. नूरमहंमदभाई म्हणाले, "बाई, चौथा आहे ना तुमच्याकडे? भाऊ त्यातच आहे ना? मग सहाव्यात काय अडलंय?"
भला माणूस आहे. पण व्रताची त्यांना कल्पना नाही.
आईने आज गुळाऐवजी मिठाचा खडा चहात टाकला. हल्ली तिचं लक्ष नसतं.

२७ ऑगस्ट, रविवार
आई मालनबाईंच्या कन्येला दोनदा "छबे" म्हणाली. उजेड कमी होता. साठचा बल्ब लावायचं ठरवलं.
टँकर आला नाही. पाऊस नाही. सहावा भाग नाही.

१० सप्टेंबर, रविवार
आईने हात धरला आणि विचारलं, "खरं सांग, लिवलं का?"
म्हटलं, होय.
हे खोटं नाही. मजकूर सगळा मनात आहे, कागदावर उतरायचा तेवढा राहिलाय.
"मग येतोच आता," म्हणाली. तेव्हापासून नगरची एसटी यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसते. गाडी थांबली की मान वर करते, पावलं ऐकते, पावलं पुढे गेली की मान खाली. बसू दे. मोकळी हवा लागते.

२ ऑक्टोबर, सोमवार
सुप्यात काकासाहेब म्हणून एकांकडे सहावा आहे. सुट्टी म्हणून हे सोबत आले. काकासाहेब सोडेनात. निळ्या शेल्याचा दुसरा भाग पुढे केला, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "निळा? हा तर कुठंच मिळत नाही!" अदलाबदल झाली. बघा, दोनदा घेतला म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं.
परतीच्या गाडीत हे म्हणाले, "गोरखला कळवलंस ना?" म्हटलं, दसऱ्याला कळवते, शुभ दिवस आहे.
हे खिडकीबाहेर बघत राहिले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.
पारायण झालं. जसं झालं तसं लिहिते.
मशीन भाड्याने आणलं होतं. दुपारीच दारं-खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला, भिंतीवर ह्यांचं धोतर ताणलं. आईला पुढे पाटावर बसवलं. सात डब्यांना हळदकुंकू, आपट्याची पानं.
पहिला भाग लावला. धोतरावर नुसता शेंदूर. त्यात काहीतरी हलत होतं. दुसरा भाग चिकटून बसला, उलगडेना. तिसऱ्याची गुंडाळी हातातच तुटली, पापडासारखी. हे म्हणाले, "चौथा लाव. फक्त चौथा लाव."
चौथा चालला. आगगाडी दिसली. टपावर माणूस, बुरखा बांधलेला. चालताना डावा पाय बाहेर टाकत होता. आमच्या गोरखचा पाय. लहानपणी मीच त्याला त्यावरून चिडवायची. माणूस वाकला, हात पसरले, आणि रीळ अडकली. दिव्याच्या उष्णतेने त्याच्या पायापाशी तपकिरी डाग पडला, तो वाढत वाढत गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत गेला. मग नुसता पांढरा उजेड.
मी ओरडले, आई, बघितलास का? गोरख! उडी मारत होता!
आई भिंतीकडे नव्हे, माझ्या आवाजाकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "मला कुठं दिसतंय, छबे. पोळ्यापासनं समदा अंधारच हाय. तू एवढी कामात, म्हनून बोलले न्हाई." मग म्हणाली, "उडी मारली म्हनतेस, तर मारू दे. एसटी आली का बघ."
गोधड्या काढल्या. इनलँड काढलं. उभ्या उभ्या लिहिलं. दोनच ओळी झाल्या. बाकी मजकूर आठवेना.

१८ ऑक्टोबर, बुधवार
पहिल्या टपालाने गेलं. एक दिवस इकडेतिकडे. खोली सोडायला कोणाला एवढी घाई असते?

२१ ऑक्टोबर, शनिवार
तेल घातलं नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार. उद्या लक्ष्मीपूजन.
इनलँड परत आलं. वर तांबड्या पेन्सिलीने 'घर सोडून गेला'.
पोस्टमनचा आवाज आईने ओट्यावरून ऐकला. "कुनाचं गं?"
गोरखचं, म्हटलं. हे पत्र त्याच्या दारापर्यंत जाऊन आलेलं आहे. म्हणजे एका परीने त्याच्याकडूनच आलं.
"वाच."
मीच लिहिलेल्या दोन ओळी होत्या: 'आई वाट बघते. लगेच ये.' त्या वाचता येईनात. म्हणून मनातून वाचलं. काम संपलं की निघतो, पायाला काही झालेलं नाही, आईला नमस्कार. मजकूर झरझर सुचला. दहा महिने सुचत नव्हता.
आईने कागद मागून घेतला, त्यावरून बोटं फिरवली. म्हणाली, "अक्षर कसं हाय त्याचं?"
म्हटलं, चांगलं आहे. माझ्यासारखंच.
"मग सुधारला," म्हणाली, आणि कागदाची घडी कनवटीला खोचली.
साडेपाचच्या एसटीला अजून वेळ आहे. आई ओट्यावर सरकून बसली, शेजारी एका माणसाची जागा सोडून.